चाळीस गाणी नकोत, एक ओळ धरा

गेवराईच्या दादांनी विचारलंय: सहा महिन्यांत चाळीसेक इंग्रजी गाणी ऐकली, बरीच पाठही झाली, पण बँकेत दोन वाक्यं बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. आणि गाण्यांनी व्याकरण बिघडतं का?

मी लातूरला वीस वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. पाठांतराला मी कमी लेखत नाही. आपल्याकडं हरिपाठ अर्थ कळायच्या आधीच तोंडात बसतो. पण ती भाषा दिवसभर कानावर असते, म्हणून अर्थ मागून येतो. इंग्रजीत ओळ थांबवून फोडावी लागते.

‘हम होंगे कामयाब’ शाळेत म्हटलं असेलच. त्याचं मूळ गाणं ‘वी शॉल ओव्हरकम’, अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचं. १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चात गायिका जोन बाएझनं ते गायलं. हिंदी रूप कवी गिरिजाकुमार माथुरांचं. अर्थ आधीच ठाऊक असल्यानं सुरुवातीला मी हेच देतो. त्यात ‘आय डू बिलीव्ह’ येतं, आणि मुलं दरवर्षी इथंच अडतात: सर, डू तर प्रश्नात किंवा नकारात येतं, इथं कशाला? जोर द्यायला. आपण जिथं ‘च’ लावतो तिथं इंग्रजी डू आणतं: माझा विश्वास आहेच. हिंदीत ‘पूरा है विश्वास’मधला ‘पूरा’ तेच काम करतो. एवढं उमगलं की गाणं बंद करा आणि स्वतःची पाच वाक्यं बनवा. ‘आय डू नो हिम’, मी त्याला ओळखतोच. भूतकाळात डिड: ‘आय डिड सबमिट द फॉर्म’, फॉर्म दिलाच होता की! बँकेत हे वाक्य लई कामाला येतं.

व्याकरणाचं म्हणाल, तर सावध राहा. गाण्यात ‘शी डझन्ट’च्या जागी ‘शी डोन्ट’ येतं, एका वाक्यात दोन-दोन नकार येतात. ती चूक नव्हे, बोली आहे. आपण घरी ‘जायलालो’ म्हणतो आणि अर्जात ‘जात आहे’ लिहितो, तसंच. अशा ओळी वहीत वेगळ्या पानावर ठेवा. उच्चारही गाण्यातून घेऊ नका, चालीपायी शब्दावरचा जोर सरकतो.

बोलणं इंग्रजी सिनेमातल्या संवादातून शिका. दोन मिनिटांचा एकच प्रसंग घ्या, सबटायटल इंग्रजीच ठेवा. हिंदी असली की डोळे तिकडंच जातात. ‘दोन वर्षांपासून इथं राहतो’ यात मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो, म्हणून आपली मुलं ‘आय ॲम लिव्हिंग हिअर फ्रॉम टू इयर्स’ म्हणतात. संवादात ‘आयव्ह बिन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स’ येईल. त्यातला ‘व्ह’, म्हणजे ‘हॅव्ह’चं उरलेलं टोक, इतका पुसट असतो की अक्षरं बघितल्याशिवाय कळतच नाही. चार वेळा ऐकलं की आवाज बंद करा, त्या पात्राच्या जागी स्वतः बोला, फोनवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून बघा.

पुढच्या खेपेला बँकेत जायच्या आदल्या रात्री एकच वाक्य घ्या: ‘आयव्ह बिन वेटिंग फॉर टेन डेज’, दहा दिवसांपासून वाट बघतोय. वीसदा मोठ्यानं म्हणा, आणि तेवढंच घेऊन काउंटरवर जा.