वाचकांचे प्रश्न : व्हिएन्नाचा वॉल्ट्झ आणि काठपदराची साडी

प्रश्न : मी नौपाडा, ठाणे येथे राहते आणि ऑक्टोबरमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी व्हिएन्नाला जाणार आहे. तेथील विद्यार्थी हिवाळ्यातील ‘बॉल’साठी, म्हणजे औपचारिक नृत्यसमारंभांसाठी, वॉल्ट्झ हा जोडीने करायचा नाच शिकतात, असे मावसबहिणीने सांगितले. मला नाचाचा सराव नाही आणि अनोळखी मुलाचा हात धरायचा संकोच वाटतो. साडी चालेल का, आणि येथे एखादा क्लास लावावा का?

उत्तर : क्लासवर येथे पैसे घालवू नका. व्हिएन्ना विद्यापीठाच्या क्रीडा संस्थेत नृत्यवर्ग असतात आणि बॉलचा हंगाम ११ नोव्हेंबरला सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीत रंगात येतो, त्यामुळे शिकायला पुरेसा अवधी मिळेल. व्हिएनीज वॉल्ट्झची लय मिनिटाला सुमारे १८० ठोक्यांची असते आणि सहा ठोक्यांत एक पूर्ण गिरकी होते. नवख्याला घेरी येते ती यामुळेच. फुगडीत आपण समोरचीच्या चेहऱ्यावर नजर ठेवतो, येथे मात्र ती जोडीदाराच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे ठेवायची असते. उजवी गिरकी आधी पक्की करा, डावी अधिक अवघड आहे. जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सरकतात, म्हणून दम लागला तर मध्येच थांबू नये, कडेला व्हावे.

संकोचाचे म्हणाल, तर या नाचातील शिष्टाचार संकोची माणसाच्या सोयीचेच आहेत. मुलगा रीतसर विचारतो, नाच संपल्यावर आभार मानून तुम्हाला जागेवर पोहोचवतो, आणि तुम्ही हसून नकार दिलात तरी चालते. ‘डामेनवाल’ पुकारले की निवड मुलींनी करायची. मध्यरात्रीच्या क्वाड्रिल या सामूहिक नाचात तर सूचना देणाऱ्याच्या हुकमावर अख्खा दिवाणखाना चुकतो आणि हसतो. सुरुवात करायला याहून निर्धास्त जागा नाही.

साडीबद्दल माझे मत अनुकूल आहे. स्त्रियांचा पोशाख पायघोळ हवा, ही अट पाचवारी पूर्ण करते. तरीही तिकिटावरील वेशनियम वाचा, कारण ते प्रत्येक बॉलचे वेगळे असतात. पांढरी साडी टाळा, तो रंग बॉलमध्ये पदार्पण करणाऱ्या मुलींचा मानला जातो. निऱ्या पाऊल दिसेल इतक्या वर घ्या, पदराच्या घड्या खांद्यावर पिनने पक्क्या करून उरलेला पदर कमरेशी खोचा, नाहीतर गिरकीत तो शेजारच्या जोडीला लागेल. पादत्राणाचा रबरी तळ फरशीला धरतो, गिरकी अडते. चामडी तळाची, घोट्याला पट्टा असलेली सँडल तेवढी येथूनच घेऊन जा.