शेडमधली डीबी (वीज वाटपाची पेटी): अडीचची वायर नको

तुम्ही लिहिलंय की शेड घरापासून २२ मीटरवर आहे, आत टेबल सॉ, डस्ट कलेक्टर, ग्राइंडर आणि दिवे चालवायचेत, आणि वायरमन म्हणतोय, "गीझरच्या एमसीबीवरून अडीचची वायर ओढतो, दोन तासांत काम." अडीच म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची वायर, आणि एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. दोन तासांत होईलही. करू नका.

सॉची इंडक्शन मोटर उठताना पाच-सहा पट करंट घेते. तो ४५ अँपिअर धरला, तर अडीचच्या वायरीत जाऊन-येऊन साधारण १८ व्होल्ट पडतात, सहाच्या कॉपर केबलमध्ये सात. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज आधीच २०५ वर उतरलेलं असेल, तर मोटर नुसतीच घुं-घुं करत बसते आणि तापते. म्हणून तीन कोअरची सहाची आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल घ्या. घरच्या टोकाला ३२ अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, सी कर्व्हचा, म्हणजे क्षणभराचा मोठा करंट सोसणारा. बी कर्व्ह मोटर उठतानाच उडू शकतो.

शेडमध्ये आयसोलेटर (हाताने लाइन तोडायचा स्विच), ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की उडणारा स्विच, आणि मग प्रत्येक मशीनला वेगळा एमसीबी. आरसीसीबी ओव्हरलोडला उडत नाही, ते काम एमसीबीचं. ती उडते हा गैरसमज जुन्या वायरमनांतही आढळतो. घरच्या मेन डीबीतही ३० चीच आरसीसीबी असेल तर शेडची लाइन तिच्या आधी, मीटरच्या बाजूने घ्या आणि घरच्या टोकाला १०० मिलीअँपिअरची टाइम-डिले, म्हणजे जरा थांबून उडणारी, आरसीसीबी बसवा. नाहीतर ग्राइंडर ओला झाला की स्वयंपाकघरही अंधारात.

आता न्यूट्रल. माझ्या शेडमध्ये सगळं ठीक होतं, फक्त दारावरचा दिवा लावला की खट्ट, आरसीसीबी खाली. दोन रविवार मशीनी तपासल्या. शेवटी दिव्याचा होल्डर उघडला: फेज शेडचा, न्यूट्रल जुन्या व्हरांड्याच्या बोर्डातून आलेला. करंट गेला एका वाटेने, परतला दुसऱ्या, आरसीसीबीला ती गळतीच वाटणार. आरसीसीबीनंतरचे सगळे न्यूट्रल तिच्याच लिंकवर (तारा जोडायच्या पट्टीवर) हवेत.

आणि शेडच्या डीबीत न्यूट्रल व अर्थ जोडून "अर्थिंग झालं" म्हणणारा आला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. वाटेत न्यूट्रल तुटला की त्या जोडामुळे प्रत्येक मशीनची बॉडी जिवंत होते. लिंका वेगळ्या ठेवा, केबलबरोबर अर्थ न्या, शेडजवळ अर्थिंगचा एक जादा पिट (खड्डा) करा आणि तो त्याच अर्थला जोडा.

केबल जमिनीत पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू, त्यावर विटा. चर बुजवण्याआधी फोटो काढून ठेवा, पुढे पेरूचं झाड लावताना उपयोगी पडतो.

मंजूर भार ३ किलोवॉटच असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज आधी टाका, आणि जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. मेन बंद केल्यावरही मीटरकडून येणाऱ्या तारा जिवंतच असतात.