वाडीत मुलाच्या वयाचं कुणी नाही, शेजारच्या आजोबांशीच त्याची गट्टी जमली आहे. हे असंच चालू द्यावं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुंबई सोडून सिंधुदुर्गातल्या गावी राहायला आलात, वाडीतली निम्मी घरं बंद, मुलगा ८ वर्षांचा आणि त्याच्या वर्गात त्याच्यासकट तिघंच. शाळा सुटली की दप्तर टाकून तो शेजारच्या तात्यांच्या पडवीत. तात्या ७६ वर्षांचे, एकटेच राहतात, मुलगा-सून मुंबईला. हे चालू द्यावं का, आणि द्यायचं तर काय सांभाळायचं?

खुशाल चालू द्या. फक्त ही मैत्री नुसत्या गप्पांवर सोडू नका, दोघांच्या हाताला काहीतरी काम द्या. आठ वर्षांचं पोर आणि पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस समोरासमोर बसले की पहिले काही दिवस गोष्टी रंगतात. मग गोष्टी संपतात, तात्यांना डुलकी लागते आणि पोरगा मोबाइल मागायला लागतो. हातात काम असलं की बोलणं अधूनमधून आपसूक निघतं, आणि नाही निघालं तरी बिघडत नाही. शिवाय 'मी पोर सांभाळतोय' असं तात्यांना वाटत नाही आणि 'मला म्हाताऱ्यापाशी बसवलंय' असं मुलालाही वाटत नाही.

काम असं निवडा की जे बसून होतं, रोज अर्धा-पाऊण तास पुरतं आणि तात्यांना उत्तम येतं, पण एकट्याने करायचा आता कंटाळा येतो. हिराचा, म्हणजे नारळाच्या पातीच्या मधल्या काडीचा, खराटा बांधणं हे त्यातलं अव्वल काम. दोन-तीन झावळ्या लागतात. एका झावळीला दोनशेच्या आसपास पाती असतात, पण बुडाकडची आणि टोकाकडची आखूड पाती खराट्याच्या कामाची नाहीत. झावळी नुकती पडलेली, अजून लवचीक असलेली घ्यावी. कडकडीत वाळलेली घेतली तर सोलताना हीर मोडतात. पाती कापून काढणं तात्यांकडे, कोयता त्यांच्याच हातात राहू दे. मुलाने पातीचा जाड बुडखा डाव्या हातात धरायचा आणि हिराच्या दोन्ही अंगांची पात बुडख्याकडून शेंड्याकडे खरवडत न्यायची. याला सुरी लागत नाही, स्टीलच्या चमच्याची कड पुरते. उलट दिशेने खरवडलं तर शेंड्याचं बारीक टोक तुटतं, आणि झाडताना तर तेच उपयोगाचं. सोललेले हीर दोन-तीन दिवस कडक उन्हात घालायचे. मुलाची घाई होते ती इथे. ओले हीर बांधले तर वाळताना आकसतात, सुंभ ढिला पडतो आणि आठवड्याभरात अंगणभर हीर गळायला लागतात. वाळल्यावर बुडखे जमिनीवर आपटून एका पातळीत आणायचे, तात्यांच्या मुठीत मावेल एवढी जुडी घ्यायची, मुलाने ती दोन्ही हातांनी आवळून धरायची आणि तात्यांनी सुंभाचे वेढे ओढून गाठ मारायची. शेवटी बुडख्यांच्या मधोमध लाकडाची छोटी पाचर ठोकली की आणखी घट्ट बसतं. जुडी धरायला दुसरे दोन हात लागतातच, म्हणून हे काम मला पसंत आहे. मुलगा तिथे शोभेला नसतो, तो नसेल तर काम अडतं.

ऋतूप्रमाणे पुढची कामं मिळत जातात. मे महिन्यात कोकमं फोडून आमसुलं: सालं वेगळी, बिया-गर वेगळा, सालं त्याच रसात मीठ घालून बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. चार-पाच फेऱ्या होईपर्यंत रोजचं काम राहतं. फक्त पाऊस अंगावर आला असताना सुरू करू नका, सालांवर बुरशी धरते. पाऊस उघडल्यावर वेलावर मुद्दाम जून होऊ दिलेली पडवळं आणि दोडकी काढून त्यांचं बी राखेत घोळून ठेवणं. गणपतीआधी माटवीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीसाठी, कवंडळं, शेरवडं, हरणाची फुलं अशी रानातली फळं-फुलं. काजूचं मात्र तारतम्य ठेवा. बिया वेचणं मुलाला चालेल; भाजणं आणि फोडणं नको. टरफलातला चीक कातडी अक्षरशः भाजतो, आणि डोळ्यांत गेला तर दवाखानाच गाठावा लागतो.

रानात जायचं तर पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही दिवस पायात गमबूट, हातात काठी, आणि बरोबर तात्यांशिवाय आणखी एक धडधाकट माणूस. फुरसं हा विषारी साप पालापाचोळ्यात पडून असतो, तात्यांची नजर आता तेवढी पोचत नाही, आणि चावलं तर ७६ वर्षांचा माणूस पोराला उचलून रस्त्यापर्यंत आणू शकणार नाही. तात्यांच्या परसात कठड्याशिवायची विहीर असेल तर आजच जाळी किंवा फळ्या टाका. नारळाच्या झाडाखाली बैठक मांडू नये हे तात्यांनाच जास्त ठाऊक असेल.

ऐकण्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वयोमानाने कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि लहान मुलाचा आवाज नेमका उंच. तात्यांना तुमचं बोलणं कळतं आणि पोराचं कळत नाही, यात दुर्लक्ष नसतं. मुलगा मग ओरडतो, ओरडल्यावर आवाज आणखी चिरका होतो, आणि दोघंही वैतागतात. त्याला शिकवा: समोर बसायचं, तोंडावर उजेड हवा, आवाज खाली आणून सावकाश बोलायचं, आणि कळलं नाही तर तेच वाक्य परत न घोकता दुसऱ्या शब्दांत सांगायचं.

तात्यांना मधुमेह आहे का, गोळ्या कसल्या चालू आहेत, हे त्यांना सरळ विचारून घ्या. साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. कधी नुसतीच चिडचिड होते, आणि मुलाला वाटतं तात्या आपल्यावर रागावले. तुम्ही जवळ असाल आणि तात्यांना गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर थोड्या पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, फरक नाही पडला तर परत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात न उचलणं, जीभ जड होणं या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही, लगेच १०८. मुलाचं काम याहून सोपं ठेवा: तात्या पडले तर त्यांना ओढून उठवायचं नाही, धावत येऊन आपल्याला हाक मारायची, आपण नसलो तर १०८ किंवा ११२ फिरवायचं आणि वाडीचं नाव सांगायचं. गाव, वाडी आणि जवळची खूण हे तिन्ही एका दमात सांगता येतं का, ते घरी दोन-चारदा म्हणवून घ्या. गोळ्यांची आठवण करून द्यायला हरकत नाही, पण पाकिटातून गोळी काढून द्यायची नाही. दोन वेगवेगळ्या औषधांची पाकिटं सारखी दिसतात, मोठी माणसंही फसतात.

मुलाला ताप-खोकला असेल तेव्हा तात्यांकडे सुट्टी. त्याला दोन दिवसांत उतरणारा फ्लू तात्यांच्या छातीत जाऊन बसू शकतो. उलटही बघा: तात्यांचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्यायला लावा, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

आता न आवडणारा भाग. तात्या देवमाणूस असतील. तरी नियम हवेत, आणि ते प्रत्येक मोठ्या माणसाला लागू, सख्ख्या मामालाही. बसायचं पडवीत किंवा अंगणात, जिथून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. आतल्या खोलीत दार लावून नाही. मांडीवर बसायचं नसेल तर 'नको' म्हणायचं, आणि त्यात उद्धटपणा नाही हे तात्यांसमोरच मुलाला सांगा. 'आईला सांगू नको' असं कुणीही म्हटलं की तेच पहिलं येऊन सांगायचं. तुम्ही मधूनच, न कळवता, चहा घेऊन जात जा. निर्मळ माणसाला याचं काही वाटत नाही. शंका आलीच तर मुलाला उलटतपासणीच्या सुरात विचारू नका, आणि वाडीत कुजबुजत बसू नका: १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि २०१२ च्या पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या, कायद्यानुसार असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

तंबाखूची पुडी किंवा मशेरी आणायला मुलाला पाठवायचं नाही, हेही पहिल्याच आठवड्यात बोलून टाका. १८ वर्षांखालच्या मुलाला ती विकणंच बेकायदा आहे, पण गावच्या दुकानात ते कोण बघतो! तसंच पैशाचं. तात्यांचं एटीएम कार्ड, पिन, मोबाइलवर येणारा ओटीपी, कपाटाची किल्ली यांना मुलाने हात लावायचा नाही. मोबाइल त्याला तात्यांपेक्षा चांगला येतो, म्हणून तात्या कौतुकाने सगळं त्याच्या हाती देतील. उद्या शंभर रुपये कमी भरले की विषय निघतो, आणि नातं तिथे संपतं.

यासाठी तात्यांच्या मुलाला एक फोन तुम्हीच आधी करा. मुंबईला बसलेल्या माणसाला कुणाकडून तरी कळतं की शेजाऱ्याचं पोर दिवसभर आपल्या घरात असतं, आणि कोकणात लगेच पुढचा विचार जमिनीचा येतो. सातबारावर डझनभर नावं, बांधाचा वाद आजोबांपासूनचा, त्यात हे. फोनवर एवढंच सांगा: तो रोज किती वेळ तिथे असतो, आम्ही लक्ष ठेवतो, काही वाटलं तर मोकळेपणी सांगा. त्यांचा नंबर तुमच्याकडे असला की रात्री-अपरात्री तात्यांचं काही झालं तरी उपयोगी पडेल.

मे महिन्यात आणि गणपतीला खरी परीक्षा. तात्यांची नातवंडं येतात आणि तुमचा मुलगा एका रात्रीत परका होतो. पहिले दोन-तीन दिवस त्याला स्वतःहून पाठवू नका, आजोबांवर पहिला हक्क त्यांचा. नंतर काम घेऊन पाठवा, कोकमं फोडायला वगैरे. सुंभ कुठे ठेवलाय, पाटीला धरायचं कसं, हे वाडीत राहणाऱ्याला माहीत असतं आणि मुंबईच्या मुलांना नसतं. तिथून पुढे ती मुलं स्वतःच त्याला हाका मारतात. पावसाळ्यात तात्यांचा मुलगा त्यांना मुंबईला नेणार असेल तर तारीख आधीच तुमच्या मुलाला सांगा, आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोन लावा. फोनवर 'कसा आहेस' नंतर दोघंही गप्प होतात, म्हणून विषय हाताशी हवा: विहिरीला पाणी किती चढलं, माडाची कुठली झावळी पडली.

तेच ते परत सांगणं, ओळखीचं नाव न आठवणं, वस्तू चोरल्याचा आळ घेणं असं तात्यांकडून वाढत चाललं तर तो विसरभोळेपणा नसेल, डॉक्टरांना दाखवायला त्यांच्या घरच्यांना सांगा. मुलाला सांगायचं की हा आजार आहे, वाद घालायचा नाही, विषय बदलायचा. आणि तात्या गेलेच तर 'झोपलेत', 'गावाला गेलेत' असं सांगू नका. त्या वयाची मुलं मग स्वतः झोपायला घाबरतात. गेले म्हणजे परत येणार नाहीत, हे साध्या शब्दांत सांगा आणि शेवटचं बघायला यायचं का, ते त्यालाच विचारा.

राहिली त्याच्या वयाची मुलं. तात्या त्यांची जागा भरून काढू शकत नाहीत: भांडण, कट्टी, बॅटिंगसाठी हुज्जत हे सगळं समवयस्कांतच शिकायला मिळतं. शनिवारी शाळा सकाळची असेल तर ती दुपार शेजारच्या वाडीसाठी राखून ठेवा. वर्गातल्या दोघांपैकी कुणाला तरी घरी जेवायला बोलवा, आणि पुढच्या शनिवारी ह्याला तिकडे सोडून या. तात्यांनाही एखादी दुपार निवांत झोपायला मिळेल.