कळसूबाई तीनदा झाली, आता किलिमांजारो?

प्रश्न : ताई, मी 46 वर्षांचा, बँकेत नोकरीला. कळसूबाई तीनदा, हरिश्चंद्रगड एकदा झालाय, त्याहून उंच कधी गेलेलो नाही. मुलगी दार-ए-सलामला असते. ती म्हणते, "बाबा, येताच आहात तर किलिमांजारो करूनच टाकू." एका एजन्सीने मारंगूच्या वाटेने पाच दिवसांचा दर कळवलाय. दोर वगैरे काही लागत नाही म्हणतात. नवख्याने जावं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, जरूर जा. पण पाच दिवसांत नको.

दोराचं ते खरं आहे. बारीहून कळसूबाई चढताना शिड्यांना जेवढे हात लावावे लागतात, तेवढेही मारंगूला लागत नाहीत. शेवटच्या रात्री किबो या शेवटच्या मुक्कामाच्या वर घसारा आहे, दोन पावलं टाकावीत आणि एक मागे यावं असा. पण घसारा आपल्याला काही नवा नाही. अडतं ते हवेपाशी. किलिमांजारोचा माथा, म्हणजे उहुरू शिखर, 5,895 मीटरवर आहे आणि तिथे एका श्वासात समुद्रसपाटीच्या निम्माच प्राणवायू मिळतो. कळसूबाईचा माथा 1,646 मीटर, म्हणजे मारंगूच्या फाटकापेक्षाही खाली! तुमचा आजवरचा सगळा अनुभव चढाई सुरू व्हायच्या आधीच संपतो.

आता ते पाच दिवस बघा. पहिला मुक्काम मंदारा, 2,700 मीटरच्या आसपास. दुसरा होरोंबो, 3,720. तिसरा किबो, 4,700. त्याच मध्यरात्री उठून शिखराकडे. तीन हजाराच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. इथे रोज हजाराची उडी आहे. निदान होरोंबोला एक जादा दिवस काढा. मला विचाराल तर लेमोशोची आठ दिवसांची वाट घ्या. त्या वाटेवर 4,600 मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवतात आणि झोपायला चार हजाराच्या खाली बारांकोला उतरवतात. पैसे जास्त पडतील. बुटांवर, जॅकेटवर उधळण्यापेक्षा ते दिवसांवर घाला.

मी हे शहाणपण लेहला उलट्या करून शिकले. विमानातून उतरले आणि त्याच संध्याकाळी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढले, तेही ऐटीत.

पुढे किलिमांजारोला आमच्यात एक सव्वीस वर्षांचा मुलगा होता, मॅरेथॉन धावणारा. रोज मुक्कामावर पहिला. गाईड "पोले पोले" म्हणायचा, म्हणजे हळूहळू, आणि हा हसायचा. किबोला रात्री अकराला गाईडने त्याला हेडलॅम्पच्या उजेडात फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, टाचेला बोट टेकवत. चौथ्या पावलाला तो भिंतीवर गेला. "झोप झाली नाही हो," म्हणत होता. गाईडने वाद घातला नाही, दोन माणसं देऊन तिथूनच खाली पाठवलं. असा तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण. बसल्या जागी धाप लागणं ही फुप्फुसांची. दोन्हींवर पहिला उतारा म्हणजे उतरणं, आणि तेही सकाळची वाट न बघता. होरोंबोला पोचल्यावर पोरगं सावरलं, चहा मागायला लागलं.

नुसतं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर आहे तिथेच थांबा आणि गाईडला सांगा. लाजेखातर लपवू नका. आपल्याकडचे पुरुष फार लपवतात.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं उठावं लागतं, घाबरू नका. मात्र गोळी आहे म्हणून दिवस कमी करायचे नाहीत. रक्तदाब, हृदय तपासून घ्या.

सराव कळसूबाईवरच करा, पाठीवर आठ किलो घेऊन, आणि उतरण्याचा जास्त. शिखराच्या दिवशी मारंगूला त्याच दिवशी होरोंबोपर्यंत यायचं असतं, दोन हजार मीटरहून जास्त उतार. माझे गुडघे तिथेच गेले. शिखराकडे निघायच्या रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं.

आणि लेकीला एक सांगा. दार-ए-सलाम समुद्रकाठी आहे. टांझानियात राहते म्हणून तिला उंचीची सवय असेल असं धरून चालू नका. तीही तुमच्याइतकीच नवखी.