पेन्सिलीच्या खुणा

"पोरगी तीच कादंबरी तिसऱ्यांदा वाचतेय. मारणाऱ्या मित्राच्या तावडीतून सुटलेल्या मुलीची गोष्ट आहे म्हणे. असलं वाचून मनावर परिणाम होईल ना? काढून घेऊ का?" समुपदेशनाच्या कामात ही काळजी मी बऱ्याच पालकांकडून ऐकते. या आई तर मुलीच्या नकळत पुस्तक पर्समध्ये घालूनच आल्या होत्या. मी ते उघडलं नाही. म्हटलं, "होतं तिथे ठेवा. फक्त विचारा, यातलं तुला काय पटलं?"

तीन आठवड्यांनी मुलगीच आली, पुस्तक घेऊन. वय एकोणीस. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या, पण मारहाणीच्या प्रसंगांवर एकही नव्हती. सगळ्या खुणा तो रडून माफी मागतो तिथे. "हे तो मला परवाच म्हणाला," ती हळूच म्हणाली. मग लगेच, "पण मारत नाही हं तो. फक्त मनगट धरतो."

तेवढ्यात फोन थरथरला. कुठे आहेस, फोटो पाठव. तिने खुर्चीमागच्या कोऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि मला विचारलं, "दारावरची पाटी नाही ना दिसत?"

लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९मध्ये अशा नात्यांतलं चक्र मांडलं: ताण साठतो, भडका उडतो, मग माफी आणि लाड. सगळीकडे ते याच क्रमाने फिरतं असं नाही. हिच्याकडे मात्र फिरत होतं. माणूस अडकतो तो त्या लाडांत. पुस्तकाने तिला बिघडवलं नव्हतं. जे घडत होतं त्याला शब्द दिले होते.

एका बाबतीत मात्र मी त्या कादंबरीवर नाराज आहे. नायिका एका रात्रीत बॅग भरून निघते आणि सुटते. प्रत्यक्षात सोडून जातानाच धोका अनेकदा वाढतो. त्यामुळे आम्ही घाई केली नाही. कुणाला आधी सांगायचं, पासवर्ड कधी बदलायचे, शेवटचं बोलणं एकटीने भेटून का करायचं नाही, हे ठरवण्यातच चार भेटी गेल्या. आईंना एवढंच सांगितलं, "सोड त्याला" असा लकडा लावू नका. नाहीतर ती तुमच्यापासूनही लपवायला लागेल.

पुढे आईंनी ती कादंबरी स्वतःच वाचायला मागितली. देण्याआधी मुलीने खोडरबर घेऊन बऱ्याच खुणा पुसल्या. तीन ठेवल्या.