नाशिकला द्राक्षबागेसाठी ठिबकचा कंट्रोलर बनवतोय. एसटीएम३२ मालिकेच्या चिपवर लिनक्स चालेल का?

चालेल, पण चिप कुठली ते सांगा. एफ४२९ हा मायक्रोकंट्रोलर लिनक्सच्या मेनलाइन (मुख्य) कर्नलमध्ये आवृत्ती ४.२ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. पण त्यात एमएमयू, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी राखणारा भाग, नाही. फोर्क (चालू प्रोग्रॅमची प्रत काढणं) मिळत नाही, आणि एका प्रोग्रॅमने भलत्याच पत्त्यावर लिहिलं की अख्खी सिस्टिम कोसळू शकते. एफ४२९ च्या डिस्कव्हरी या तयार बोर्डवर बाहेरची ८ एमबी रॅम आहे म्हणून जमतं. चिपमधल्या २५६ केबीत नाही. एमपी१५७ मात्र मायक्रोप्रोसेसर: दोन कॉर्टेक्स-ए७ कोअरवर पूर्ण लिनक्स, सोबतच्या एम४ कोअरवर वेळेला पक्का कोड, आणि तो कोड लिनक्सच रिमोटप्रॉक या आपल्या सोयीने चढवतं.

पिंपळगावच्या बागेत नुसता व्हॉल्व्ह उघडायचा, ओलावा वाचायचा असेल तर लिनक्स कशाला? एफ४२९ वर फ्रीआरटीओएस ही छोटी रिअल-टाइम सिस्टिम घाला. नोंदी साठवून मोबाइलवर पान दाखवायचं असेल तरच एमपी१५७ घ्या.