आरशात ड्रायव्हर दिसतोय का?

गेल्या अंकात पावसाळ्यातल्या टायरांवर लिहिलं होतं. त्यावरची पत्रं बाजूला ठेवून या खेपेला ट्रकवाल्यांबद्दलच्या तक्रारी घेतो, कारण त्याच जास्त आल्यात. मी स्वतः २९ वर्षं ट्रक चालवला. त्यामुळे मी कोणाची बाजू घेणार हे ओळखून दोघा-तिघांनी पत्राच्या शेवटी 'काका, पण खरं सांगा हं' असं लिहिलंय. खरंच सांगतो.

प्रश्न : मी रोज पालीहून रत्नागिरीला शाळेत स्कूटरने जाते. हातखंब्याला पुढचा एक लांबलचक ट्रेलर उजवीकडे सरकला, म्हणून मी त्याच्या डावीकडून पुढे निघाले. तर तो डावीकडेच वळला! स्कूटर कडेच्या गटारात घातली म्हणून वाचले. त्याने इंडिकेटर दिला होता का, तेही आठवत नाही. माझं काय चुकलं? — एक शिक्षिका, पाली

ताई, आधी त्या गटाराला नमस्कार करा. कोकणातल्या गटारांनी पुष्कळ जीव वाचवलेत.

आता वळणाचं. पडवीतून माजघरात लांब वासा नेताना काय होतं, आठवा. पुढचा माणूस दारातून लगेच वळला, तर वाशाचा मधला भाग आतल्या चौकटीला घासतो. म्हणून पुढचा आधी पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो आणि मग वळतो. ट्रेलरचं तेच असतं. पुढची चाकं जिथून जातात तिथून मागची जात नाहीत, ती कोपरा कापून आतून येतात. डावीकडे वळायचं असेल तर ड्रायव्हर आधी उजवीकडे घेतो, नाहीतर मागची चाकं कोपऱ्यावरच्या टपरीवर चढायची. तो उजवीकडे सरकला तेव्हाच त्याचं डावं वळण सुरू झालं होतं. तुम्हाला जी मोकळी जागा दिसली, ती त्याच्या मागच्या चाकांची होती.

आणि तुम्ही त्याला दिसलाच नसणार. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, तोही उंचावर. डाव्या दरवाजाच्या खाली, पुढच्या बंपरला लागून आणि हौद्याच्या बरोब्बर मागे, या तीन जागी माणूस काय, आख्खी रिक्षा उभी असली तरी त्याला पत्ता लागत नाही.

एकदा साखरप्याला चहासाठी थांबलो होतो. चहा झाला, मी गाडी चालू केली. ब्रेकच्या टाकीत हवा भरली, पहिला गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय सोडणार, एवढ्यात क्लीनरने डाव्या दरवाजावर धडाधड थापा मारल्या. "थांब मेल्या, थांब!" मी वयाने त्याच्या बापाएवढा, पण त्या वेळी तो असंच ओरडला. उतरून पाहतो तर डाव्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा उकिडवा बसलेला. सायकलची चेन उतरली होती, ती बसवायला त्याने ट्रकची सावली शोधली होती. बोटं ग्रीसने काळी झालेली. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "काका, पेचकस आहे का?" आरशात मला काही दिसलं नव्हतं, काचेतूनही नाही. पेचकस दिला त्याला. माझे हात मात्र पालीपर्यंत स्टिअरिंगवर थरथरत होते.

म्हणून एकच खूण सांगतो. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसतंय का ते बघा. तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्याच्या लेखी तुम्ही रस्त्यावर नाहीच. दिसला म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंच असंही नाही, पण निदान पाहू तरी शकतो. तिठ्यावर, सिग्नलवर, पुलाच्या तोंडाशी ट्रकच्या डाव्या कुशीत शिरायचं नाही. मागे थांबा, दोन मिनिटं जाऊ द्या. शाळेची घंटा काय, उद्याही होणारच आहे.

प्रश्न : पुण्याहून कोल्हापूरमार्गे लांज्याला गावी येत होतो. आंबा घाट उतरताना साखरेच्या ट्रकच्या मागे अर्धा तास अडकलो. समोर रस्ता मोकळा दिसत असूनही त्याने साइड दिली नाही, आणि हॉर्न वाजवला की मुद्दाम आणखी हळू करायचा. असा माज का करतात हे लोक? — एक चाकरमानी

साखरेचा ट्रक म्हणजे माझंच जुनं काम. कोल्हापूरहून साखर खाली आणायची, जाताना मिळेल ते भाडं. त्यामुळे या पत्राला जरा जास्त जागा देतो.

दहा टायरच्या गाडीला मालासकट २८.५ टनांची परवानगी असते. तुमची कार सव्वा टनाची. एवढं वजन उतारावर नुसत्या ब्रेकने धरून ठेवलं तर ड्रम तापतात, लायनर जळतात आणि मग पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. म्हणून जुना नियम असा, की घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक फक्त वळणापुरता वापरायचा. तुम्हाला जो माज वाटला तो दुसरा किंवा तिसरा गिअर होता. वळण आलं म्हणून तो हळू झाला, तुमचा हॉर्न नेमका त्याच वेळी वाजला. घाटात दर दोनशे पावलांवर वळण असताना हा योगायोग जुळायला कितीसा वेळ लागतो?

ट्रकच्या मागे जळकट, जुन्या रबरासारखा वास आला तर काचा वर करून शिव्या घालू नका. लांब राहा. त्याचे ब्रेक तापलेत.

एका जुलैमध्ये याच घाटात एक कार मला ओलांडून समोर आली आणि वळण संपताच थांबली. धबधबा दिसला होता त्यांना! मी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. हवेच्या ब्रेकचं असं आहे, की दर दाबण्याला टाकीतली हवा खर्च होते, आणि घाबरलेला माणूस पंप मारतो तसे मी पाय मारले. हवेचा काटा खाली आला, बझर ओरडायला लागला. डावीकडे डोंगर होता हे नशीब. गाडी गटारात घातली आणि दरडीला घासत नेऊन थांबवली. डावा आरसा गेला, हौद्याच्या फळ्या मोडल्या, चार पोती फुटली. पावसात साखर वितळून गटारातून वाहत होती. कारमधले गृहस्थ छत्री घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, आमच्या गाडीत आणि तुमच्या गाडीत तर एवढं अंतर होतं!" होतं खरं. त्यांच्या ब्रेकला पुरलं असतं.

'रस्ता मोकळा दिसत असूनही' असं तुम्ही लिहिलंय, त्याचा हिशेब करू. समजा, सरळ रस्त्यावर १६ मीटरचा ट्रेलर ताशी ५० किलोमीटरने चाललाय आणि तुम्ही ७०ने ओलांडताय. मागे २० मीटर अंतर, पुढे गेल्यावर २० मीटर, ट्रेलरची आणि तुमच्या गाडीची लांबी धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा ६० मीटर जास्त कापायचे आहेत. याला जवळजवळ ११ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही २१० मीटर जाता, आणि समोरून कोणी ७०नेच येत असेल तर तोही २१० मीटर पुढे येतो. म्हणजे चारशे मीटरच्या वर रस्ता रिकामा हवा. आंबा घाटात चारशे मीटर सरळ रस्ता मला तरी सापडला नाही, २९ वर्षांत. तुम्हाला सापडला तर कळवा.

मागे किती राहावं? पुढचा ट्रक एखाद्या मैलाच्या दगडापाशी पोचला की शांतपणे दोनदा 'गणपती बाप्पा मोरया' म्हणा. तुम्ही त्या दगडाशी पोचेपर्यंत दोन्ही वेळा म्हणून व्हायला हवं. पावसात तीनदा. आमच्या लाल मातीचा चिखल उडून ट्रकचे मागचे दिवे महिनाभर झाकलेले असतात, तेव्हा त्याने ब्रेक मारला हे दिव्यावरून कळेल या भरवशावर राहू नका.

चढावरचंही सांगून टाकतो. अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा कायद्यातलाच नियम आहे. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना क्लच प्लेट जळते. तुम्हाला नुसतं पाच मीटर मागे जायचं असतं.

आता 'खरं सांगा'वाल्यांसाठी. चौपदरी रस्त्यावर उजव्या लेनमधून ताशी चाळीसने रेंगाळणारे ट्रक आहेत, त्यांची वकिली मी करणार नाही. तिथे घाट नाही, वळण नाही, सबब नाही. एकदा डिपर द्या आणि थांबा. त्याच्या पाठीला चिकटून हॉर्नवर हात ठेवलात तर तुम्ही त्याच्या आरशातून गायब होता आणि तो तुम्हाला विसरतो.

प्रश्न : ट्रकवाले 'पुढे जा' सांगायला डावा इंडिकेटर देतात की उजवा? — एक वाचक, राजापूर

कोणी डावा देतो, म्हणजे 'मी डावीकडे राहतो, तू जा'. कोणी उजवा देतो, म्हणजे 'उजवीकडून जा'. आणि कोणी उजवा देतो कारण त्याला खरंच उजवीकडे पेट्रोल पंपावर वळायचं असतं. माझ्या हयातीत यावर एकमत झालेलं नाही. ट्रकच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' राज्य सरकारने २०१५ साली पुसायला लावलं, पण ही भाषा पुसता येत नाही. इंडिकेटरला आमंत्रण समजू नका. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच जा, आणि ट्रक उजवीकडे झुकतोय का ते बघून.

प्रश्न : मी लोट्याहून केमिकलचा टँकर चालवतो. पुढच्या गाडीपासून नीट अंतर ठेवलं की लगेच एक कार त्यात घुसते. पुन्हा अंतर ठेवलं की दुसरी. गणपतीत तर जड वाहनांना बंदी म्हणून आम्हालाच कडेला उभं करतात. आमची बाजू कोणी लिहीत नाही. — एक चालक

दादा, लिहिली की वर. त्या घुसणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की टँकरपुढची मोकळी जागा म्हणजे त्याचा ब्रेक आहे. तुम्ही पुन्हा मागे सरा. दर वेळी सरा. चिपळूणला दहा मिनिटं उशिरा पोचाल.

बंदीचं म्हणाल तर १६ टन आणि वरच्या गाड्यांना दर वर्षी थांबवतात, कारण त्या दिवसांत या रस्त्यावर निम्मी मुंबई असते. ट्रकच रेल्वेवर चढवून न्यायची कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९पासून कोलाड ते वेर्णा आहे, पण लोट्याच्या टँकरला तिचा काय उपयोग? उभं राहायचंच असेल तर पूर्ण रस्त्याच्या बाहेर राहा, मागचे रिफ्लेक्टर फडक्याने पुसा आणि पार्किंग लाइट चालू ठेवा. गावी निघालेला चाकरमानी रात्री तीन वाजता अर्धवट झोपेत असतो.

आणि एक मागणं, आपल्यातच ठेवा. गाडी बिघडली की चाकाला दगड लावता, मागे पन्नास पावलांवर झाडाची फांदी टाकता, ते चांगलंच आहे. पण गाडी निघाली की दगड तिथेच राहतो. पूर्वी क्लीनर उतरून तो लाथेने कडेला सारायचा. आता बऱ्याच गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो, पाऊस असतो, अंधार असतो, उतरायचा कंटाळा येतो, हे मला माहीत आहे. तरी उतरा. वर ज्या ताईंनी पत्र लिहिलंय, त्या सकाळी पावणेसातला तिथूनच स्कूटरने जातात.